एकट्याने गायच्या गाण्यात दुसरा आवाज: अलीम गासिमोव यांचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

मुगाम म्हणजे अझरबैजानचं शास्त्रीय गाणं, आणि ते गाणारा एकटाच गातो. एका बाजूला तार नावाचं छेडून वाजवायचं तंतुवाद्य वाजवणारा, दुसऱ्या बाजूला कमांचा हे गजाने वाजवायचं वाद्य वाजवणारा, मध्ये गायक, ज्याला अझरबैजानमध्ये खानंदा म्हणतात, आणि त्याच्या हातात गवाल म्हणजे डफासारखं वाद्य. एकोणिसाव्या शतकात शुशा, शामाखी, बाकूच्या मैफलींमध्ये हे तिघांचं पथक ठरून गेलं आणि पुढे झार गेला, सोव्हिएत आले, सोव्हिएत गेले, तरी मधली जागा एकाच माणसाची राहिली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अलीम गासिमोव यांनी आपल्या मुलीला, फरगानाला, त्या मधल्या जागेवर शेजारी बसवलं आणि दोघं मिळून मुगाम गायला लागले. मला या माणसाच्या सगळ्या करिअरमध्ये हाच निर्णय सगळ्यात मोठा वाटतो, युनेस्कोच्या बक्षिसापेक्षा आणि परदेशातल्या कॉन्सर्टपेक्षाही मोठा, म्हणून त्याच्याभोवती हे प्रकरण लिहितोय.

अशा अभ्यासात सहसा नाव लपवतात. इथे गायक आणि त्यांची मुलगी दोघंही जगाला माहीत असलेले कलाकार आहेत, सगळं उघड आहे, म्हणून त्यांची नावं ठेवलीत. साथीदार आणि घरातले बाकीचे लोक यांची नावं घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

अलीम गासिमोव यांचा जन्म 1957 चा, शामाखीच्या बाजूचं नाबूर नावाचं गाव. शामाखी हे नाव मुगामच्या इतिहासात वजनदार आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात महमूद आगा नावाचा एक श्रीमंत रसिक मैफली भरवायचा, लांबलांबचे गवई आणि वादक तिथे हजेरी लावायचे, आणि ज्यांच्या गझला आजही खानंदे गातात ते सय्यद अझीम शिरवानी हे कवीसुद्धा शामाखीचेच. पण 1859 चा भूकंप झाला, त्यानंतर प्रांताची राजधानी बाकूला गेली, पुढे 1902 ला आणखी एक मोठा भूकंप झाला आणि शामाखीचं ते वैभव ओसरलं. म्हणजे गासिमोव जन्मले तेव्हा त्या भागात मुगाम होता तो लग्नात, जेवणावळीत, रेडिओवर. दरबारी थाट काही उरला नव्हता.

घरची गरिबी होती. घरात गाण्याची आवड होती, पण गाणं हा पोटापाण्याचा धंदा नव्हता. तरुणपणी त्यांनी शेतावर मजुरी केली, गाडी चालवली. साधारण 19 व्या वर्षी त्यांनी गाण्याकडे गंभीरपणे बघायला सुरुवात केली आणि 1978 ला बाकूच्या आसफ झेनाली संगीत विद्यालयात दाखल झाले. आपल्याकडे 5-6 व्या वर्षी तालीम सुरू झाली नाही तर लोक म्हणतात उशीर झाला, इथे विशी ओलांडलेला माणूस पहिल्यांदा वर्गात बसतोय. गुरू होते आगाखान अब्दुल्लायेव, स्वतः नावाजलेले खानंदा, आणि वयाने शिष्यापेक्षा फक्त 7 वर्षांनी मोठे! 1982 ला तिथलं शिक्षण संपलं, त्याच वर्षी जब्बार गार्यागदिओग्लू यांच्या नावाने होणारी राष्ट्रीय मुगाम स्पर्धा त्यांनी जिंकली, मग 1989 पर्यंत कला विद्यापीठात पुढचं शिक्षण.

या शाळा-विद्यापीठ पद्धतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचा निर्णय त्यावर उभा आहे. सोव्हिएत काळात मुगामची अवस्था विचित्र होती. एकीकडे 1920 च्या दशकात तार हे वाद्यच मागासलेलं आहे, ते बंद करा अशी मोहीम चालली होती, कवी मिकाइल मुश्फिक यांनी तारच्या बाजूने कविता लिहिली ती याच वादात (त्या कवीला पुढे 1938 ला गोळी घातली, कारणं वेगळी होती, पण तो काळ कसला होता ते कळतं). दुसरीकडे 1921 ला बाकूत सरकारी कॉन्झर्व्हेटरी निघाली आणि तिथे जब्बार गार्यागदिओग्लूंसारखा जुन्या पठडीतला, 1861 ला शुशात जन्मलेला उस्ताद मुगाम शिकवायला बसला. त्यामुळे मुगाम टिकला, पण इयत्ता आणि परीक्षेच्या चौकटीत. फायदा असा झाला की खेड्यातल्या मजुराच्या मुलालाही दार उघडं झालं. तोटा असा की कोणता दस्तगाह, म्हणजे एका मुगामची पूर्ण मांडणी, कसा गायचा याचं एक पक्कं, ठराविक रूप तयार झालं आणि त्यापासून हललं की लोकांच्या भुवया वर जायच्या.

आता मुगाम म्हणजे काय ते आपल्या कानाच्या हिशोबाने सांगतो. रागासारखाच तो एक स्वरांचा घाट आहे, मुख्य मुगाम सात मानतात: रास्त, शूर, सेगाह, चाहारगाह, बयाती-शिराझ, शुश्तर, हुमायून. पण राग एका षड्जाभोवती फिरतो तसं इथे होत नाही. एका दस्तगाहमध्ये शोबे असतात, म्हणजे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याचं स्वरकेंद्र साधारणपणे आधीच्यापेक्षा वरचं. चाहारगाहचं उदाहरण घ्या: माये, मग बस्ता-निगार, हिसार, मुखालिफ, मग्लूब आणि सगळ्यात वर मन्सूरिया, तिथे आवाज अक्षरशः पेटतो, आणि मग शेवटी खाली येऊन मूळ जागी टेकायचं. टप्प्यांच्या मध्ये वादकांचे रंग, म्हणजे नुसत्या वाद्यांचे तालातले तुकडे, आणि तालातली छोटी गाणी, ज्यांना तस्निफ म्हणतात. शब्द गझलेचे, फुझुली, नसीमी, शिरवानी, वाहिद यांचे. बहुतेक गायन तालाशिवाय, मोकळ्या लयीत. पूर्ण दस्तगाह तासभर सहज चालतो.

अडचण

1991 ला सोव्हिएत संघ कोसळला. आर्मेनियाशी काराबाख प्रदेशावरून संघर्ष 1988 पासून पेटलेलाच होता, 1992 च्या मे महिन्यात तिथलं शुशा हे शहर हातातून गेलं. शुशा म्हणजे मुगामचं माहेर, कित्येक मोठी नावं तिथली. त्याच वेळी अर्थव्यवस्था ढासळली, सरकारी फिलहार्मोनिक, रेडिओ, रेकॉर्डिंग, ज्यांच्या जिवावर खानंदाचा संसार चालायचा, तिथला पैसा आटला. उरलं काय तर लग्नं. लग्नात गाणं हे खानंदाचं पारंपरिक काम आहेच, त्यात कमीपणा नाही, पण लग्नात लोकांना नाचायचं असतं, तिथे तासभराचा चाहारगाह ऐकायला कोण बसणार.

गासिमोव यांना 1993 ला देशाचा लोककलाकार हा किताब मिळालेला होता आणि युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, त्यांचं नाव झालं होतं. म्हणजे स्वतःपुरता त्यांचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला होता. 1995 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या एका संगीत महोत्सवात अमेरिकन रॉक गायक जेफ बकली त्यांच्याबरोबर स्टेजवर गायला, ते रेकॉर्डिंग पुढे बकलीच्या मृत्यूनंतर निघालेल्या अल्बमवर आलं आणि ज्यांनी मुगाम हा शब्दही ऐकला नव्हता अशा कित्येक रॉक ऐकणाऱ्यांच्या कानावर हा आवाज पडला.

पण मागच्या पिढीने जे दिलं ते पुढे कोणाला आणि कसं द्यायचं, हा प्रश्न उभाच होता. घरात 1979 ला जन्मलेली फरगाना होती, वडिलांचं ऐकत ऐकत वाढलेली, गाणारी. आणि इथे दोन अडथळे एकत्र येतात.

पहिला, मुगाममध्ये शिष्याला स्टेजवर जागाच नाही. आपल्याकडे शिष्य मागे तानपुरा घेऊन बसतो, गुरूने सोडलेली ओळ उचलतो, असं करत करत दहा वर्षांत श्रोत्यांसमोर तयार होतो. मुगामच्या पथकात तशी मागची रांगच नाही. शिष्य खोलीत शिकतो आणि एक दिवस थेट मधल्या जागेवर एकटा बसतो.

दुसरा, ती मुलगी. 1908 च्या जानेवारीत बाकूत उझेयिर हाजीबेयोव या 22 वर्षांच्या पोराने मुगामवर आधारलेला ऑपेरा, लैला-मजनूंचा, रंगमंचावर आणला तेव्हा लैलाचं काम करायला बाई मिळाली नाही, चहाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलाला लैला बनवावं लागलं. सोव्हिएत काळात हे बदललं, हकीकत र्झायेवा, रुबाबा मुरादोवा अशा मोठ्या गायिका झाल्या, त्यामुळे बाईने मुगाम गाणं नव्वदच्या दशकात नवीन नव्हतं. पण पुरुष खानंदाच्या शेजारी बसून, त्याच्याच दस्तगाहमध्ये निम्मा वाटा उचलणं, हे नवीन होतं.

कोणते पर्याय होते

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही, पण त्या जागी असलेल्या कुठल्याही खानंदासमोर साधारण हे रस्ते होते.

एक म्हणजे जसं आहे तसं. आपण एकट्याने गायचं, मुलीला कॉन्झर्व्हेटरीत पाठवायचं, ती तिच्या नशिबाने वर येईल. सगळ्यात सुरक्षित, कोणी बोट दाखवणार नाही. पण वडिलांचं जे खरं शिकण्यासारखं होतं, म्हणजे त्या क्षणी श्रोता आणि वादक बघून ठरवणं की इथे किती थांबायचं, ते वर्गात मिळत नाही.

दुसरा, मुलीला तिचं वेगळं पथक काढून देणं. यात नावाचा फायदा मिळाला असता पण तुलनाही पहिल्या दिवसापासून झाली असती, आणि तेव्हाच्या बाकूत नवीन गायिकेचं पथक चालवायला पैसा कुठून आणणार.

तिसरा रस्ता तेव्हा भरपूर लोक धरत होते: मुगामला सिंथेसायझर लावून पॉप करणं, लग्नात चालतं, टीव्हीवर चालतं. त्या लोकांना नावं ठेवायची नाहीत, घर चालवायचं होतं सगळ्यांना. तरीही हा रस्ता गासिमोवांनी घेतला असता तर आज त्यांच्यावर लिहायला काही उरलं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

आणि चौथा, दोघांनी एकत्र गाणं. याला पूर्वीचा दाखला ऑपेरात होता, मैफलीत जवळपास नव्हता. धोका उघड होता: जुन्या कानाचे लोक म्हणणार की हा मुगाम नाही, नाटक आहे.

काय केलं

चौथा रस्ता घेतला, पण घेताना काय सोडलं आणि काय धरलं ते बघण्यासारखं आहे.

शोब्यांचा क्रम त्यांनी हलवला नाही. माये या पहिल्या टप्प्यापासून वर चढायचं आणि परत खाली यायचं ही शिडी जशीच्या तशी. गझल जुन्याच कवींची. गवाल हातात, आणि दोघांच्याही हातात, म्हणजे ती नुसती साथ करणारी नाही, तीही खानंदाच, हे बघणाऱ्याला बसल्या बसल्या कळतं. बदललं ते एवढंच की शिडी एकाऐवजी दोघांनी चढायची.

आता हे बोलायला सोपं आहे. करायला गेलं की पहिली अडचण सुराची. तार एका पट्टीत लावलेली, पुरुषाचा आणि बाईचा आवाज एकाच पट्टीत आणायचा तर कोणीतरी अडचणीत येणारच. इथे गासिमोवांचा आवाज कामी आला, तो मुळातच उंच जाणारा, मन्सूरियासारख्या टप्प्यावर तर इतका वर जातो की बाईच्या आवाजाशी त्याची गाठ पडते. फरगानाचा आवाज त्यामानाने खालच्या बाजूला भरदार, काळसर. त्यामुळे खालच्या टप्प्यांवर ती ठाम बसते आणि वरच्या टप्प्यांवर दोघं एकमेकांना खेचतात.

दुसरी अडचण जास्त अवघड. मोकळ्या लयीत, आयत्या वेळी सुचेल तसं गाताना दोन माणसं एकमेकांवर आदळणार नाहीत कशी? त्यांची रेकॉर्डिंग्ज नीट ऐकली की उत्तर सापडतं. गझलेचा शेर दोन ओळींचा, तर एक ओळ एकाने, दुसरी दुसऱ्याने, कधी पूर्ण शेर एकाचा. एकाची ओळ संपत आली की शेवटच्या लांब स्वरावर दुसरा हळूच आत येतो, म्हणजे दोन-चार क्षण दोघांचे आवाज एकावर एक पडतात आणि मग पहिला बाजूला होतो. झेंगुले, म्हणजे गळ्यातली ती थरथरती हरकत, एकाने घेतली की दुसरा तीच जराशी बदलून परत करतो. तस्निफ मात्र तालात आहे म्हणून तिथे दोघं एकत्र गाऊ शकतात आणि तिथे श्रोत्याला मोकळा श्वास मिळतो. हे सगळं लिहून ठेवलेलं नाही, डोळ्याच्या इशाऱ्यावर आणि वर्षानुवर्षं एका घरात राहिल्यावर जी जाण येते तिच्यावर चालतं.

पथकही वाढवलं. तार आणि कमांचाबरोबर बालाबान, म्हणजे जर्दाळूच्या लाकडाचं, फुंकून वाजवायचं, मऊ, नाकातल्या आवाजासारखं वाजणारं वाद्य, आणि नगारा, म्हणजे तिथला ढोल, आला. जर्बी मुगाम म्हणून एक प्रकार आहे ज्यात वादक ठेका धरून राहतात आणि गायक त्यावरून मोकळा तरंगतो, त्यात नगाऱ्यामुळे ताकद येते. माझ्या मते इथेच ते परंपरेपासून सगळ्यात लांब गेले, कारण बालाबान गायकाच्या मागे एक सलग स्वर धरून ठेवतो आणि जुन्या तिघांच्या पथकात जी शांतता असायची, दोन ओळींमधली रिकामी जागा, ती भरून जाते. काही जणांना ते आवडतं. मला दोन्ही हवं असतं.

पुढचा निर्णय परदेशातल्या मोठ्या पथकांबरोबर काम करायचा. चेलोवादक यो-यो मा यांच्या सिल्क रोड पथकाबरोबर 2007 ला त्याच 1908 च्या लैला-मजनूंचं छोटं रूप तयार झालं, मूळ ऑपेरा तीन तासांच्या वर, हे साधारण तासाभराचं, आणि मजनू अलीम, लैला फरगाना. बाप आणि लेक प्रेमिकांच्या भूमिकेत, हे ऐकून पहिल्यांदा कोणालाही खटकेल. पण हे दोघं अभिनय करत नाहीत, गालिच्यावर मांडी घालून बसतात आणि गातात, आणि फुझुलीच्या काव्यात ती ओढ शेवटी देवाकडे वळते हे तिथल्या श्रोत्याला सांगावं लागत नाही. 2016 ला नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिस यांनी यावरच नृत्य बसवलं तेव्हा हेच केलं, गायक मध्यभागी बसलेले आणि भोवती नर्तकांच्या चार वेगवेगळ्या जोड्या एकामागून एक लैला-मजनू होतात. फार शहाणपणाचा निर्णय होता तो.

क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन चार तंतुवादकांच्या पथकाबरोबरचं काम वेगळ्या तऱ्हेने अवघड. ते चौघं लिहिलेलं स्वरलेखन बघून वाजवणारे आणि हे दोघं आयत्या वेळी गाणारे. तोडगा असा काढला की मुगामचा पूर्ण दस्तगाह न घेता अझरबैजानी संगीतकारांची बांधीव गाणी घेतली, त्यांची मांडणी स्वरलेखनात केली आणि मध्ये गायकांसाठी मोकळ्या जागा सोडल्या. अल्बम 2010 ला आला, स्मिथसोनियन फोकवेज ही अमेरिकन रेकॉर्ड कंपनी आणि आगाखान सांस्कृतिक ट्रस्ट यांच्या मध्य आशियाई संगीताच्या मालिकेत. म्हणजे जिथे मुगाम वाकणार नाही तिथे तो वाकवला नाही, दुसरा माल आणला. या एका गोष्टीसाठी मला त्यांचा फार आदर वाटतो.

परिणाम

1999 ला गासिमोवांना युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेचं पारितोषिक मिळालं, तेच ज्याच्या पहिल्या मानकऱ्यांमध्ये 1975 ला रविशंकर होते. 2003 ला युनेस्कोने अझरबैजानी मुगामला मानवजातीच्या मौखिक वारशातली उत्कृष्ट कलाकृती जाहीर केलं आणि 2008 ला तो वारसा यादीत गेला. 2008 च्या डिसेंबरात बाकूच्या समुद्रकाठच्या बुलेव्हारवर तारच्या आकारावरून सुचलेली आंतरराष्ट्रीय मुगाम केंद्राची इमारत उघडली. टीव्हीवर तरुण खानंदांच्या स्पर्धा सुरू झाल्या. हे सगळं एका माणसामुळे झालं असं म्हणणं चुकीचं होईल, तेलाचा पैसा आला होता आणि सरकारला राष्ट्रीय ओळख हवी होती. पण जगाला दाखवायला एक जिवंत, चालता-बोलता आवाज लागतो आणि तो तयार होता.

फरगानाचं काय झालं हा माझ्यासाठी खरा निकाल. वडिलांच्या शेजारी बसून ती झाकोळली गेली का? नाही. ती आज स्वतःच्या नावाने ओळखली जाते, आणि मुख्य म्हणजे तिचं गाणं वडिलांची नक्कल वाटत नाही. ते भडकतात, तोल घालवण्याच्या टोकापर्यंत जातात. ती आत ओढून घेते. एकाच शेरात हे दोन्ही ऐकायला मिळणं ही त्या जोडीची कमाई.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट, शब्द. परदेशातल्या कित्येक श्रोत्यांनी हे गाणं नुसतं आवाज म्हणून ऐकलं, आक्रोश म्हणून, ट्रान्स म्हणून. पण खानंदा कोणत्या टप्प्यावर कोणता शेर ठेवतो यात त्याची अर्धी अक्कल असते. मोठ्या कॉन्सर्टमध्ये प्रत्येक शेराचा अर्थ पडद्यावर दाखवायचा आग्रह सुरुवातीपासून धरला असता तर आज त्यांचं नाव घेणाऱ्यांपैकी जास्त लोकांना फुझुली माहीत असता.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. शेजारी बसवून शिकवायची ही पद्धत घराबाहेर किती गेली? त्यांनी इतर विद्यार्थीही शिकवले, पण जगाने बघितलेली जोडी बाप-लेकीचीच. मुगाममध्ये शिष्याला स्टेजवर जागा नव्हती, ती यांनी तयार केली, मग त्या जागेवर एखादा परका, खेड्यातून आलेला, विशीत पहिल्यांदा वर्गात बसलेला मुलगा किंवा मुलगी दिसायला हवी होती. स्वतः गासिमोव त्याच वाटेने आले म्हणून ही अपेक्षा ठेवतोय. यात त्यांचा दोष थोडा आणि आयोजकांचा जास्त, कारण परदेशी आयोजकाला वडील-मुलगी ही गोष्ट विकायला सोपी जाते.

तिसरं, नकलेचा प्रश्न. गासिमोवांचे मिटलेले डोळे, झुलणारं अंग, वर जाताना फाटेल असं वाटणारा आवाज, हे तरुण गायक चटकन उचलतात. त्यामागे शोब्यांची जी शिस्त आहे ती उचलायला वर्षं लागतात. संक्षिप्त कार्यक्रम आणि बांधीव गाण्यांच्या अल्बममुळे बाहेरच्यांना आणि काही प्रमाणात आतल्यांनाही वरचा थर तेवढा दिसतो. दरवर्षी एक तरी पूर्ण दस्तगाह, न कापलेला, फक्त तार-कमांचा-गवाल घेऊन, रेकॉर्ड करत राहायला हवं होतं, दोघांचा एकत्र आणि दोघांचा वेगवेगळा. तसं केलं असतं तर त्यांच्या बदलाचं मोजमाप त्यांच्याच हातून झालं असतं.

कोणाला या प्रकरणाच्या मुळाशी जायचं असेल तर क्रोनोसपासून किंवा बकलीच्या त्या रेकॉर्डिंगपासून सुरुवात करू नका. आधी गासिमोवांचा एकट्याचा चाहारगाह पूर्ण ऐका, बस्ता-निगार कुठे सुरू होतो आणि मन्सूरिया कुठे येतो ते ओळखता येईपर्यंत पुन्हा पुन्हा ऐका, आणि मग बाप-लेकीचा कुठलाही दस्तगाह लावा.